वीस मिनिटं थांबलेलं विमान

१

ऋतुजाच्या पत्राला मी अकरा महिने उत्तर दिलं नाही. पत्र हरवलं नव्हतं आणि मी विसरलोही नव्हतो. टेबलावरच्या जाड शब्दकोशात ते घडी करून ठेवलं होतं, आणि शब्दकोश मी रोज उघडतो. सदतीस वर्षं नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी एक वाईट सवय सुटलेली नाही. वाचताना काही खटकलं की समासात पेन्सिलीनं बारीक लिहून ठेवायचं. त्या पत्राच्या समासातही मी एक शब्द लिहिला होता. तो कोणता, ते शेवटी सांगेन. आत्ता सांगायची लाज वाटते.

ऋतुजा कॉलेजात होती तेव्हा दुपारी ग्रंथालयात यायची. आम्ही दोघं एकाच रहस्यकथेचं शेवटचं प्रकरण सोडून बाकीचं वाचायचो आणि गुन्हेगाराचं नाव चिठ्ठीवर लिहून एकमेकांना द्यायचो. तीन वर्षांत माझी चिठ्ठी एकदाही बरोबर निघाली नाही. तिची बहुतेक वेळा निघे. "रेणुकादास सर, तुम्ही फार चांगल्या माणसांवर संशय घेता," असं म्हणून ती हसायची.

पुढे तिचं लग्न अहमदपूरच्या भागवतशी झालं. घर शेतीवालं, रस्त्यालगत जमीन, माणसं बरी. आणि मग गेल्या मार्चमध्ये हे पत्र आलं.

"सर, माझे सासरे शेषेराव गेले. त्यांचं हृदयाचं ऑपरेशन मुंबईत ठरलं होतं. रस्त्यानं बारा-चौदा तास त्यांना झेपणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते. लातूरहून एक लहान विमान स्वस्तात मिळालं, शुक्रवारी अकराचं. पहाटे सहाला फोन आला की विमान लातूरहून नाही, नांदेडहून सुटणार, तेही दहाला. हे लोक धावत नांदेडला गेले. तिथं बॅग उघडली तर फाईल नाही. पेशंट विमानात बसायला योग्य आहे, या डॉक्टरांच्या सहीच्या मूळ कागदाशिवाय वैमानिक नेईना. वीस मिनिटं थांबून विमान रिकामं गेलं. नाइलाजानं गाडीनं निघाले. परभणीच्या पुढे बाबा गेले.

"फाईल मी गुरुवारी दुपारी चार वाजता निळ्या बॅगेत तळाशी ठेवली होती. बॅग माझ्या खोलीत होती. आत फक्त सासूबाई आल्या, देवीचा अंगारा ठेवायला. त्यानंतर त्या दळणाचा डबा घेऊन गिरणीत गेल्या आणि तशाच परत आल्या, गिरणी बंद होती म्हणून. यांनी बॅगेला हात लावला नाही म्हणतात. रात्री मी एवढंच म्हटलं होतं, की हे विमान ऐनवेळी बदलतं, याच्या भरवशावर राहू नका. आता सगळ्यांना तेवढंच आठवतं. मी फाईल लपवली म्हणतात. घरात कुठंच ती सापडली नाही. मला मुदखेडला माहेरी पाठवलंय आणि सुकन्याला ठेवून घेतलंय. ती पाच वर्षांची आहे. सर, शेवटचं प्रकरण मला सुटत नाही. तुम्ही सोडवाल?"

मी काय सोडवणार होतो? पत्र चारदा वाचलं आणि शब्दकोशात ठेवलं.

परवा, बुधवारी, मी वाचनालयात पेपर चाळत बसलो होतो. धोतर-टोपीतले एक गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. पिशवीतून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक काढलं. आमच्या ग्रंथालयाचा शिक्का असलेलं, तेरा वर्षांपूर्वी नेलेलं.

"मी व्यंकटी. ऋतुजाचा बाप. पोरगी म्हणली, हे सरांच्याच हातात द्या. उशिराची माफी मागितली हाय."

"ती कशी आहे?"

"सोमवारी सही करणार हाय सोडचिठ्ठीवर. नातीचं बी लिहून देणार, तिकडंच राहू द्या म्हणून. म्हणती, चोर आईपाशी राहण्यापरीस तिथं बरी." त्यांनी पिशवीची घडी घातली. "तुम्ही कायी कळवलं का, असं एकदाच इचारलं तिनं. परत न्हाई इचारलं."

पुस्तक उघडलं. शेवटच्या प्रकरणाआधी तिची जुनी चिठ्ठी होती. त्यावर नाव नव्हतं. कोरीच होती.

२

गुरुवारी सकाळच्या बसनं लातूरला गेलो. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मला शब्द सुचत नाहीत. अडीच तास मी वाक्यं घोकत होतो. बसमधून उतरताना त्यातलं एकही आठवलं नाही.

विमान ठरवून देणाऱ्या मुकुलचं ऑफिस औसा रोडवर एका चष्म्याच्या दुकानावर होतं. चाळिशीचा, नीटनेटका, झोप न झाल्यासारखे डोळे.

"शेषेरावांचं?" त्यानं खुर्ची मागे सरकवली. "अजून किती जण येणार? त्यांच्या मुलानं माझ्या दारात तमाशा केला. त्यानंतर या भागातला एकही पेशंट माझ्याकडे आला नाही."

"मी भांडायला आलो नाही," मी म्हणालो. "मला ते स्वस्त विमान म्हणजे काय तेच कळत नाही."

हे खरंच होतं, आणि त्यामुळेच तो निवळला.

"रिटर्न टेम्पो माहीत आहे ना? कांदा टाकून रिकामा परत चाललाय, डिझेल तर जळणारच, म्हणून मिळेल त्या भाड्यात माल भरतो. तसंच हे. कुणी श्रीमंत माणूस मुंबईहून लातूरला विमान करून येतो. ते विमान रिकामं परत जाणार. ती रिकामी फेरी आम्ही विकतो, निम्म्याहून कमी भावात. पण गाडी त्याची, मर्जी त्याची. त्याचा बेत बदलला की आपली वेळ बदलली, जागा बदलली. कधी फेरीच रद्द."

"त्या दिवशी काय झालं?"

"लग्नाला लातूरला येणारं कुटुंब होतं. रात्री त्यांनी ठरवलं की आधी नांदेडला गुरुद्वारात माथा टेकायचा. विमान नांदेडला उतरलं. मला पहाटे पावणेसहाला कळलं, मी सहाला कळवलं."

मी घोकलेला प्रश्न शेवटी बाहेर आला. "ती फेरी दुसऱ्या कुणाला हवी होती का?"

त्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं. "होती. एका सराफाला, जास्त पैसे देऊन. म्हणजे फाईल मी पळवली, असंच ना? साहेब, मी त्या घरात कधी पाऊल टाकलं नाही. आणि सराफाला लातूरहूनच हवं होतं, नांदेड म्हटल्यावर तो सकाळीच नको म्हणाला. विमान रिकामं गेलं. मला दलालीही नाही मिळाली."

माझी चिठ्ठी नेहमीप्रमाणे चुकली होती.

मुकुलनं फोन काढला आणि त्या गुरुवारचा एक निरोप दाखवला. दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी ऋतुजानं पाठवलेला. 'फाईल बॅगेत ठेवली. प्रवासाच्या पत्राची मूळ प्रत त्यातच आहे. आणखी काही लागेल का? जागा बदलू शकते असं तुम्ही म्हणालात, मी दोन्ही रस्त्यांचा वेळ काढून ठेवलाय.'

"हे तिच्या नवऱ्याला दाखवलंत?"

"त्यानं बघितलंच नाही. म्हणाला, ठेवून परत काढली असेल." मुकुल खिडकीबाहेर बघत होता. "एक गोष्ट मला अजून छळते. तिथं नांदेडला माझ्यासमोर सगळी बॅग रस्त्यावर ओतली होती त्यानं. आणि म्हणाला, वरची चेन तर पहाटे मीच लावली होती."

मी उठता उठता खाली बसलो. पत्रात लिहिलं होतं, यांनी बॅगेला हात लावला नाही म्हणतात.

३

अहमदपूरला उतरेपर्यंत तीन वाजले होते. भागवतचं घर गावाच्या मध्यावर. एका बाजूला नांदेड नाका, दुसऱ्या बाजूला लातूर नाका. ओसरीवर शेषेरावांचा हार घातलेला फोटो होता. त्याखाली सुकन्या पाटीवर एकाच अक्षरावरून पेन्सिल फिरवत बसली होती. आतून केवळाबाई, शेषेरावांच्या पत्नी, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. तांब्या ठेवला आणि आत गेल्या.

भागवत छत्तीस-सदतीसचा. मी कोण ते सांगितल्यावर त्याचा चेहरा आवळला.

"तुम्ही पुस्तकातले लोक, सर. तिनं बी लई पुस्तकं वाचली. फाईल कशी गायब करायची ते त्यातच असंल."

"पहाटे बॅग तुम्ही उघडली होती," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला.

त्यानं आतल्या दाराकडे पाहिलं. मग सुकन्येला म्हणाला, "जा, आजीपाशी जा." ती गेल्यावर हळू बोलला.

"उघडली. चार्जर टाकायला. अंगाऱ्याची पुडी दिसली. खाली हात घातला, तर कापडंच लागली. फाईल न्हाई लागली."

"मग विचारलं नाही?"

"गाडी चालू होती. बाबा गाडीत. वाटलं तिनं गाडीत ठेवली असंल. तिच्याकडंच असायचे सगळे कागद." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तिथंच इचारलं असतं तर... हे कुणाला बोललो न्हाई मी, सर. बोललो असतो तर पुन्हा माझ्याच गळ्यात आलं असतं."

मला त्याचा राग यायला हवा होता. शब्दकोशातलं पत्र आठवलं आणि मी मान खाली घातली.

म्हणजे फाईल पहाटेआधीच गेली होती. भागवत भित्रा होता, पण त्यानं ती नेली नव्हती. माझी दुसरी चिठ्ठीही चुकली.

"निघताना आणखी काही झालं? कुणी काही म्हणालं?"

"काय न्हाई. घाई नुसती. आई एक मागं लागली होती, गाडी गिरणीकडनं घ्या म्हणून."

"कोणत्या गिरणीकडून?"

"लातूर नाक्यावरच्या, मलप्पाच्या. म्हणलं आई, आता विमान नांदेडला, उलट्या दिशेला कामून जायचं? येडी झालीस का? तरी दोनदा म्हणली. मी ओरडलो तिच्यावर."

"गिरणी तर आदल्या दिवशी बंद होती."

भागवतनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "मलप्पाची? गुरुवारी? तो सोमवारी महादेवाचा दिवस म्हणून बंद ठेवतो. गुरुवारी कधीच न्हाई."

आतल्या दारात केवळाबाई उभ्या होत्या. कधी आल्या कळलं नाही. डोक्यावर ज्वारीचा डबा होता.

"दळण घेऊन येते," असं म्हणून त्या पायऱ्या उतरून गेल्या.

"घराच्या मागंच दुसरी गिरणी हाय," भागवत पुटपुटला. "तरी दर गुरुवारी तिकडं एवढं लांब."

४

मी त्यांच्या मागोमाग गेलो नाही. तेवढं धाडस नव्हतं. चहाच्या टपरीवर थोडा वेळ काढला आणि मग लातूर नाक्याकडे चालू लागलो.

मलप्पाची गिरणी पत्र्याची. भिंती, माणूस, वजनकाटा, सगळ्यावर पिठाचा थर. पट्टा फिरत होता. केवळाबाई एका पोत्यावर बसल्या होत्या आणि वर बघत होत्या. मी त्यांच्या नजरेच्या रेषेत पाहिलं.

तुळईजवळच्या खुंटीला लाल कापडाचं एक गाठोडं टांगलेलं होतं. लांबट, चपटं. पिठानं पांढरं पडलेलं. त्याला कुणी वर्षभर हात लावलेला नव्हता.

"ते काय आहे?" मी मलप्पाला विचारलं.

त्यानं गिरणी बंद केली. अचानक झालेल्या शांततेत त्याचा आवाज मोठा वाटला. "प्रस्थान हाय, साहेब. शेषेराव मालकाचं."

ज्यांच्या घरात हे नव्हतं त्यांच्यासाठी सांगतो. जायचा दिवस वाईट असला, तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवाशाची एखादी वस्तू सुपारी-तांदळासह कापडात बांधून, जायच्या वाटेवरच्या कुणाच्या तरी घरी ठेवतात. म्हणजे प्रवास चांगल्या वेळी सुरू झाला असं धरायचं. दुसऱ्या दिवशी निघाल्यावर प्रवाशानं ते जाता जाता उचलायचं. शुक्रवारी पश्चिमेला जाऊ नये म्हणतात. मुंबई पश्चिमेला. विमान शुक्रवारचं. आणि लातूरची वाट या गिरणीवरून.

"तुम्ही परत का दिलं नाही?" मी विचारलं.

"ज्याचं प्रस्थान त्यानंच उचलायचं असतंय. मालक आलेच न्हाईत. मग माणूसच गेल्यावर..." मलप्पानं हात झटकले. "आत काय हाय ते मला ठाव न्हाई. बाई दर गुरुवारी येतात, बघतात, जातात. म्या कधी इचारलं न्हाई."

मी केवळाबाईंसमोर खाली बसलो. उभ्यानं बोलणं जमेना.

"बाई, त्यात फाईल आहे का?"

त्यांनी नकार दिला असता तर मी बहुधा उठून गेलो असतो. त्यांनी दिला नाही.

"कापड बदलतंय, चपला बदलतात," त्या म्हणाल्या. "आठ दिस घरात एकच चाललं व्हतं, ही फाईल नसली तर माणूस जाणारच न्हाई. म्हणलं, जे नक्की जाणार तेच बांधावं. मला वाचता येत न्हाई, दादा. मला काय ठाव त्यात कोणता कागद."

"भागवतला सांगितलं का नाही?"

"त्याला असलं आवडत न्हाई. हसला असता. डब्यात दाणे न्हवते, हेच व्हतं, म्हणून गिरणी बंद व्हती असं सांगितलं घरी. सकाळी गाडीत बसून संगं यायचं, हितं उतरून ह्यांच्या हातात द्यायचं, असं ठरवलं व्हतं. तर गाडी तिकडंच गेली. मी म्हणलं दोनदा. मग वाटलं, भागवतच्या फोनात समद्या कागदाचे फोटू हायत, तोच म्हणत व्हता."

"फोटो चालला नाही. वैमानिकाला सहीचा मूळ कागदच हवा होता."

"आता कळलं." पदराचं टोक त्या बोटाला गुंडाळत होत्या. "नांदेडहून फोन आला तवा सून कपाट उपसत व्हती. माझ्या तोंडाशी आलं व्हतं. पण हितनं नांदेड किती लांब. तवर इमान गेलं असतं. मग दुपारी दुसरा फोन आला. मग कसं सांगू? मीच माझ्या मालकाची वाट बांधून खुंटीला टांगली."

"आणि सुनेला चोर म्हणाले तेव्हा?"

त्यांनी पुन्हा वरच्या गाठोड्याकडे पाहिलं.

"ती रडत न्हवती, दादा. नुसती बघत व्हती माझ्याकडं. रडली असती तर बोलले असते मी."

मलप्पानं स्टूल आणून दिलं. केवळाबाई स्वतः वर चढल्या. मी स्टूल धरलं. गाठ पिठानं घट्ट बसली होती, ती दातानं सोडवावी लागली. तांदळात किडे पडले होते. सुपारी, हळकुंड आणि मधोमध दुमडलेली फाईल. पहिलाच कागद प्लास्टिकच्या पाकिटात, निळ्या शाईची सही, गोल शिक्का. रुग्ण विमान प्रवासास योग्य आहे.

मी ते वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं.

५

"सोमवारी ती सही करणार आहे," मी सांगितलं. "सुकन्येलाही इथंच ठेवायचं लिहून देणार आहे."

"तुमाला कुणी धाडलं?"

"तिनंच. वर्षापूर्वी पत्र लिहिलं होतं. मी उत्तर दिलं नाही."

केवळाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. एखाद्या नातेवाइकाला ओळखावं तसं त्यांनी मला ओळखलं, आणि ते मला फार लागलं.

"मग आता ल्ही," त्या म्हणाल्या. "समदं ल्ही. माझं नाव घालून ल्ही. आन् म्हणाव, रईवारी मी येते मुदखेडला. नातीला घेऊन."

"भागवतरावांना मी सांगू का?"

"न्हाई. ते माझं हाय."

दळण तिथंच टाकून त्या निघाल्या. फाईल दोन्ही हातांनी छातीशी धरून, रस्त्याच्या कडेनं, घराच्या दिशेनं. एका ठिकाणी थांबल्या. मला वाटलं, परत फिरतात. त्यांनी फक्त पदर नीट केला. भागवत काय म्हणाला, रविवारी त्या खरंच मुदखेडला जातील का, मला माहीत नाही. माझे अंदाज कसे असतात ते वर सांगितलंच आहे.

आज शुक्रवार. सकाळी टेबलाशी बसलो आणि लिहिलं.

"प्रिय ऋतुजा, फाईल तू लपवली नव्हतीस. ती गुरुवारी संध्याकाळी लातूर नाक्यावरच्या गिरणीत प्रस्थान म्हणून ठेवली गेली. ठेवणाऱ्या तुझ्या सासूबाई. हे लिहायला त्यांनीच सांगितलं आहे. विमान लातूरहून सुटलं असतं तर फाईल वाटेत मिळाली असती. ते नांदेडला गेलं, म्हणून ती मागे राहिली. विमान ऐनवेळी बदलतं हे त्या घरात तू एकटीनं म्हटलं होतंस. भागवतरावांनी पहाटे बॅग उघडली तेव्हाच फाईल त्यात नव्हती. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं आहे. सोमवारी सही करू नकोस. निदान रविवार संपेपर्यंत थांब.

"आता माझं. तुझंच पत्र सोबत परत पाठवतो आहे. दुसऱ्या पानावर, 'शुक्रवारी' या शब्दाजवळ, समास बघ. पेन्सिलीनं 'प्रस्थान?' असं लिहिलेलं दिसेल. ते मी काल लिहिलेलं नाही. पत्र आलं त्याच दुपारी, पहिल्याच वाचनात लिहिलं होतं. माझी आई ठेवायची, म्हणून सुचलं. पण माझी चिठ्ठी कधी बरोबर आली नव्हती. ही तरी कशी येईल, उगाच एका म्हातारीवर आळ येईल, लोक हसतील, असं वाटून मी पत्र मिटलं. काल मुकुलवर आणि तुझ्या नवऱ्यावर संशय घेत मी दिवस काढला. त्यातही खरं म्हणजे, तो शब्द खोटा ठरावा असंच मला वाटत होतं. खोटा ठरला असता, तर हे अकरा महिने माझ्यामुळे गेले नसते.

"पुस्तक मिळालं. उशिराचा दंड तुला नाही. रेणुकादास."

खाडाखोड झाली होती. पुन्हा उतरवून काढावं असं वाटलं, पण पुन्हा लिहायला बसलो तर पाठवणार नाही, हे मला आता ठाऊक झालं आहे. तसंच पाकिटात घातलं आणि मोठ्या पोस्टात गेलो. रांगेत सहा माणसं होती. दोनदा रांग सोडावीशी वाटली.

"स्पीड पोस्ट?" खिडकीतल्या बाईंनी पत्ता वाचला. "मुदखेड तर जवळच आहे, आजोबा. स्वतःच जायचं ना."

"हो," मी म्हणालो. "उद्या पोचेल ना?"

"पोचेल."

त्यांनी पाकीट वजनाच्या काट्यावर ठेवलं, पट्टी चिकटवली आणि मागच्या पोत्यात टाकलं. मी पावती घेतली आणि बाजूला झालो.